सावलीत पडलेला दगड

प्रिय धाकट्या,

त्या दिवशी सकाळी मी अंगणातल्या बादलीवरचा बर्फाचा पापुद्रा उलथन्याने फोडत होते. नेहमीचंच काम. उन्हाळा सरून थंडी नुकती लागली होती. दुपारी स्वेटर अंगावर ठरत नसे आणि सकाळी बादली गोठलेली सापडे. पापुद्रा फोडला, पाणी तापायला ठेवलं, शेगडीतली राख काढली, मग दोरीवरचे कपडे काढायला गेले तर ते पत्र्यासारखे कडक. तुझी पँट मी भिंतीला टेकवून उभी केली आणि यांना म्हटलं, बघा, तुमच्या भावाच्या आधी त्याची पँट कामाला निघाली. हे उंबऱ्यात बसून हवामानाच्या चौकीवर न्यायच्या बॅटऱ्या जुन्या टॉवेलात गुंडाळत होते, ते हसले. मी तुला दोनदा हाक मारली, तू हूं म्हणून कूस बदललीस. पुन्हा मारणार तर यांनी हात वर करून मला थांबवलं आणि म्हणाले, "झोपू दे त्याला. डोंगर काही उठून जात नाही." मग त्यांनी राहिलेला चहा पुन्हा गरम करून घेतला आणि निवांत प्यायला. तू उठलास तेव्हा समोरच्या डोंगराच्या डोक्यावर ऊन आलं होतं. एक बूट पायात आणि दुसरा हातात अशा अवतारात "दादा, थांब" करत तू फाटकाबाहेर पडलास, आणि मी राहिलेल्या कपड्यांच्या घड्या घालायला बसले. दुपारी तू एकटा परत आलास.

ही सकाळ मी तुला आजवर कितीदा सांगितली असेल. पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, त्यामुळे ते मी सांगत नाही. पण सकाळ सांगत राहते, कारण तिच्यातलं तुझ्या दादाचं ते वाक्य तुझ्या कानात कधी शिरलंच नाही. तू मात्र भेटेल त्याला सांगत सुटलास: मी झोपलो, उशीर झाला, ऊन आलं, दगड सुटला, दादा गेला. दोरावर माणसं बांधतात तशी ती पाच वाक्यं तू एकाला एक बांधून टाकलीस आणि त्यांच्यासकट डोंगर उतरून निघून गेलास. नोकरी धरलीस तीही शीतगृहात. डोंगरावरची थंडी नको म्हणून सपाटीवर गेलास आणि तिथे दिवसभर लोकरी टोपी घालून खोकी मोजतोस, याचं मला अजून हसू येतं. रागावू नकोस. वहिनी हसते म्हणजे वहिनी बरी आहे असं तूच म्हणायचास.

तर मी बरी आहे. गेल्या आठवड्यात खादाड वारा सुटला होता. वरच्या खिंडीतून तो कोरडा, ऊबदार होऊन खाली कोसळतो आणि एका दुपारीत अख्ख्या उताराचा बर्फ खाऊन टाकतो, ते तू विसरला नसशील. या वेळी त्याने बर्फाबरोबर आपल्या मागच्या पडवीचा पत्राही उचलला. तो शेजाऱ्यांच्या कोंबड्यांच्या खुराड्यावर जाऊन पडला. एकही कोंबडी मेली नाही, पण शेजारीणबाई म्हणतात त्या दिवसापासून त्या अंडी घालायला लाजतात. मी म्हटलं, लाजत नसतील, धास्तावल्या असतील, माझंही पहिल्या वर्षी तसंच झालं होतं. त्यावर त्यांनी विषयच बदलला. लोकांना वाटतं मी अशी गोष्ट थट्टेत बोलू नये. पण इतक्या वर्षांत माझं दुःख घरातलं माणूस होऊन बसलं आहे. त्याला जागा लागते, तेवढी मी देते, आणि बाकीच्या घरात केर काढते.

बाकीच्या घरात आता पुस्तकं झाली आहेत. तुला आठवतं, तू माझ्या लग्नात हाफपँटीत मिरवत होतास तेव्हा मला दुकानाची पाटीसुद्धा अडखळत वाचावी लागायची. पुढे चौकीवरच्या उपकरणांबरोबर माहितीची पुस्तिका आली आणि ती वाचायचा यांना कंटाळा, म्हणून मी शेगडीपाशी बसून मोठ्याने वाचायचे. वारा मोजायच्या वाट्यांवर दव गोठून बसलं तर ते कसं खरवडावं, पाऊस मोजायचं नळकांडं कसं पुसावं. माझं पहिलं वाचन ते. हे गेल्यावर मी गावातल्या वाचनालयात गेले आणि डोंगराची पुस्तकं मागितली. ग्रंथपाल म्हणाले, वहिनी, कादंबऱ्या संपल्या का आमच्याकडच्या? मी म्हटलं, ज्याने माझं घर मोडलं तो दगड कोणत्या कुळातला होता तेवढं तरी कळू दे. त्यांनी मागचं कपाट उघडून दिलं. जाडजूड पुस्तकं होती. पहिलं पुस्तक मी तीनदा परत नेलं आणि तीनदा तेच पुन्हा घरी आणलं. अर्धं कळायचं नाही, पण उरलेल्या अर्ध्याने झोप लागायची. आपल्या डोंगराचं अंग खाली काळ्या, पापुद्रे सुटणाऱ्या दगडाचं आहे आणि वर पांढुरक्या चुनखडीचं, हे मी पुस्तकात वाचलं आणि मग खिडकीतून बघितलं, तर खरंच, मध्यावर एक रेघ होती. आयुष्यभर तिच्याकडे बघत भांडी घासली, पण रेघ कधी दिसली नव्हती.

गेल्या हिवाळ्याच्या शेवटी वाचनालयातूनच एक बाई माझ्याकडे आल्या. डोंगराच्या आतलं तापमान मोजणाऱ्या आहेत, त्यांना हंगामभर राहायला खोली हवी होती. मी त्यांना तुझी खोली दिली. तुझ्या वस्तू मी पेटीत भरून माळ्यावर ठेवल्या आहेत. काही टाकलेलं नाही, तुझी ती फाटकी कानटोपीसुद्धा. बाईंना मी मनातल्या मनात खडकबाई म्हणायचे, एकदा चुकून तोंडावर म्हटलं आणि त्यांना ते इतकं आवडलं की आता फोनवरही तेच नाव सांगतात. वयाने तुझ्याएवढ्याच. स्वयंपाकघराच्या मोरीत दगड धुतात आणि कप धुवायचे विसरतात. पहिल्या आठवड्यात आमचं यावरून वाजलं. मग त्यांनी एक धुतलेला दगड माझ्या हातात ठेवला आणि म्हणाल्या, जरा नखाने चाचपून बघा. त्यात शिंपला होता. बोटाच्या पेराएवढा, रेघारेघांचा, जसाच्या तसा. वरच्या चुनखडीतला. तिथे एकेकाळी उथळ, कोमट समुद्र होता, म्हणाल्या, आणि तळचा गाळ दबून दबून दगड झाला, आणि मग जमीन दोन्ही बाजूंनी रेटली गेली तेव्हा तो समुद्राचा तळ वर उचलला गेला. हे मी वाचलं होतं. पण वाचणं वेगळं आणि ओल्या हातात शिंपला धरणं वेगळं. त्या दिवशी कप मीच धुतले.

संध्याकाळी त्या मला त्यांच्या लॅपटॉपवर फोटो दाखवू लागल्या. एके दिवशी एक फोटो आला, रुंद, ओबडधोबड, मोडक्या दाढेसारखा कडा, त्याच्या अंगावर ढग. मी विचारलं हा कुठला डोंगर. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, तुमचाच, हे शिखर. मी म्हटलं, शिखर तर ते, आणि खिडकीबाहेर बोट दाखवलं. धाकट्या, तू हसशील. तू आणि हे दोघं लहानपणापासून वर जात होता, तुम्हाला माहीत होतं. मलाही ऐकून माहीत होतं, की गावातून दिसतं ते डोकं म्हणजे पुढे आलेल्या सोंडेचं टोक, आणि खरं शिखर त्याच्या मागे, अधिक उंच, गावातल्या एकाही खिडकीतून न दिसणारं. पण कानाने ऐकलेलं डोळ्यांनी कधी मान्य केलं नाही. रोज सकाळी बादली उचलताना मी त्या डोक्याकडे बघत आले. आज त्याने ढगाची टोपी घातली म्हणजे दुपारी वारा, आज ते स्वच्छ म्हणजे रात्री कडाका, हे यांनी शिकवलेलं. आणि हे गेल्यावर, हे तिथे आहेत असं धरून, तिथेच बघत आले. मला वाटायचं मी रोज त्या जागेकडे बघते. मी भलत्याच जागेकडे बघत होते. बाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी लॅपटॉप मिटवला आणि विचारलं, ते नक्की कुठे गेले?

मग मी सांगितलं. खिंडीतल्या हवामानाच्या चौकीची देखभाल तुम्हा दोघा भावांकडे होती. चौकीला जायला तुम्ही मागच्या घळीतून चढायचा. त्या दिवशी घळीत वरून कडा सुटला, तू भिंतीशी होतास, हे मध्यावर होते. आणि हे सगळं झालं कारण निघायला उशीर झाला आणि डोक्यावर ऊन आलं होतं. आपल्याकडचा नियम सांगितला: ऊन डोक्याला लागायच्या आत घळ पार करायची. रात्री गोठून धरून ठेवलेले दगड उन्हाने सुटतात. हे गेल्यानंतर वाटाड्यांनी तो नियम पाटीवर रंगवून डोंगराच्या पायथ्याला लावला, आणि ती पाटी वाचून माझा दीर महिन्याभरात गाव सोडून गेला, हेही सांगितलं. खडकबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी कागद ओढला, डोंगराचा ओबडधोबड आराखडा काढला आणि त्यावर टेबललॅम्प कलता केला. पुढची घळ पूर्वेला, तिच्यावर सकाळचं ऊन. मागची घळ पार पलीकडे, वायव्येला, आणि मधे शिखर आडवं. तिथे ऊन पोचतं ते दिवस कलल्यावर. म्हणाल्या, "मागच्या घळीचा आणि सकाळच्या उन्हाचा काही संबंधच नाही."

मी त्या आराखड्याकडे किती वेळ बघत होते कोण जाणे. आणि एकदम मला तू आठवलास, त्या दुपारी दारात उभा. बाहेर बऱ्यापैकी ऊन होतं, लोकांनी स्वेटर काढून खांद्यावर टाकले होते, आणि तुझ्या हातांत अजून लोकरीचे जाड हातमोजे होते. मफलर तसाच. तुझ्या बोटांतून मोजे मी ओढून काढले. तू एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बोलत होतास, वहिनी, भिंतीला घाम आला होता, वहिनी, भिंतीला घाम आला होता. आम्हाला वाटलं तुला भ्रम झाला. मी बाईंना हे सांगितलं आणि त्यांनी हातातला कप खाली ठेवला. घाम? त्यांनी दोनदा विचारलं. मग त्या बोलू लागल्या, अगदी हळू, जणू मीच चुकीचं ऐकेन याची त्यांना भीती होती. वरचा डोंगर अखंड नाही, म्हणाल्या. चुनखडी भेगाळलेली असते, भेगांत पाणी शिरतं, गोठतं, आणि तो बर्फच वर्षानुवर्षं कडे धरून ठेवतो. गेली काही वर्षं उन्हाळे वाढलेत. पण दगड सुस्त असतो. "उन्हाळ्याची ऊब त्याच्या पोटात पोचायला महिने लागतात. बाहेर थंडी पडलेली असते, माणसं लोकरीचे मोजे पेटीतून बाहेर काढतात, आणि आत खोलवर तेव्हा कुठे उन्हाळा पोचलेला असतो." सावलीत, थंडीत, भिंतीतून पाणी गळत होतं म्हणजे आतला बर्फ सुटत चालला होता. भ्रम नव्हता तो. त्या जागेवर एवढं नीट बघणारा त्या दिवशी तू एकटाच होतास, आणि कुणी तुझं ऐकलं नाही.

मी त्यांना सरळच विचारलं, मग तो लवकर उठला असता तर काही फरक पडला नसता, असं मी त्याला लिहू का? खडकबाई चांगल्या आहेत, त्यांनी मला गोड खोटं सांगितलं नाही. म्हणाल्या, मी तिथे नव्हते, आणि असते तरी शंभर टक्के सांगता आलं नसतं. ऊन नव्हतं एवढं नक्की लिहा. तो कडा त्या दिवसांत कधीही आला असता, पहाटे, रात्री, वर चिटपाखरू नसताना. तो नेमका तेव्हा आला. एवढंच.

त्या एवढ्यावर मी बरेच दिवस चालत राहिले. तू काय म्हणशील तेही मला दिसत होतं. तू म्हणशील, वहिनी, ऊन असो नसो, लवकर निघालो असतो तर कडा आला तेव्हा आम्ही चौकीत शेकोटी पेटवून बसलो असतो. खरं आहे. लवकर निघाला असतात तर वाचला असतात. पण आणखी उशिरा निघाला असतात तरी वाचला असतात, हेही तितकंच खरं आहे, नाही का? कडा रिकाम्या घळीत पडला असता आणि तुम्ही खाली उभं राहून धूळ बघितली असती. मग काय, आणखी तासभर का झोपला नाहीस म्हणून मी तुझ्यावर चिडू? बूट हातात घेऊन एवढी घाई का केलीस म्हणून? यांनी चहा दुसऱ्यांदा गरम केला तसा तिसऱ्यांदा का नाही केला म्हणून त्यांच्यावर चिडू? मी हा हिशेब मांडून बघितला, धाकट्या. तो कुणाच्याच नावावर लागत नाही. लागला असता तर मी लावला असता. मी काही साध्वी नाही, तुला माहीत आहे. पहिल्या वर्षी तर मला कुणीतरी हवंच होतं, आणि तू समोर आयता होतास. तरीही मी तुला ते वाक्य सांगत राहिले, झोपू दे त्याला, कारण ते यांचं शेवटचं घरातलं बोलणं होतं आणि त्यात तुझ्यावरची माया होती. ती तू घेतली नाहीस. ती अजून तशीच पडून आहे इथे.

पुढची बातमी मात्र मजेची आहे. खडकबाई म्हणाल्या, ती पाटी धोक्याची आहे. तिच्या भरवशावर वाटाडे अजून पहाटे मागच्या घळीत शिरतात, ऊन नाही म्हणजे भीती नाही असं समजून. तेव्हा आम्ही दोघी वाटाड्यांच्या शेडवर गेलो. मिशाकाका तसेच आहेत, मिशा पांढऱ्या झाल्या पण खाली आल्या नाहीत. दोर सुकत घातले होते, त्यांच्याखाली बसून बुटांना चरबी चोळत होते. बाईंचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, डोंगराने आता तुमची परवानगी काढून दगड टाकायचे का? बाकीचे हसले. कुणीतरी म्हणालं, बाई, त्याला एक घड्याळ बांधून द्या. नियम माझ्या बापाने घालून दिलाय, मिशाकाका म्हणाले. त्यावर बाईंनी वाद घातला नाही. पुढच्या घळीसाठी तुमच्या वडिलांचा नियम पक्का आहे, म्हणाल्या, तो कधी मोडू नका. फक्त सांगा, त्यांनी मागच्या घळीतून कधी कुणाला नेलं होतं का? मिशाकाकांचा हात थांबला. त्यांच्या वडिलांच्या काळी मागची घळ बारमाही बर्फाने भरलेली असे, तिकडे कुणी जात नसे. ती उघडी पडली ती अलीकडे, आणि मग चौकी झाली, आणि जवळची वाट म्हणून माणसं तिथून जाऊ लागली. नव्या वाटेने निघाली आणि नियम जुन्या वाटेचा बरोबर नेला. चूक म्हणाल तर एवढीच, आणि ती अख्ख्या गावाची. ज्याला आपण सगळे शिखर म्हणतो ते शिखर नाही, आणि त्याच्यावर ऊन आलं म्हणजे डोंगरावर ऊन आलं असं धरून आपण चालत होतो.

मिशाकाकांनी हातातला बूट बाजूला ठेवला. तुम्हा दोघांना तो नियम त्यांनीच शिकवला होता, तुमचे कान पिळून. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या पोराला मी इथेच, या शेडमध्ये, तोंडावर म्हटलं होतं की तू झोपलास." मला हे माहीत नव्हतं. तू कधी सांगितलं नाहीस. मी म्हटलं, काका, तो झोपला होता हे खरंच आहे, तो अजूनही झोपतो, त्याच्या शीतगृहाचे साहेब त्याच्यावर वैतागलेत. तेव्हा कुठे ते हसले, पण डोळे पुसत. पाटी त्यांनी स्वतः जाऊन काढली. आता तिथे मागची घळ बंद असल्याचं लिहिलं आहे, अक्षर वाकडं आहे पण कळतं.

घळ बंद म्हणजे चौकीची वाट तुटली. वाऱ्याच्या वाट्या वर गोठून गप्प बसल्या आहेत, आणि बाईंना त्याच्याही पलीकडे, शिखराच्या भेगांत, तापमान मोजायच्या नळ्या बसवायच्या आहेत. त्या बसल्या तर कडा सुटायच्या आधी आतली ऊब कळेल, आणि खालच्या माणसांना सांगता येईल की या दिवसांत वर जाऊ नका. दगड थांबवता येत नाही, म्हणाल्या, पण माणूस थांबवता येतो. चुनखडी आणि काळ्या दगडाच्या सांध्यावरून धारेने जाणारी एक वाट असली पाहिजे, कड्यांच्या वरून, असं त्यांना नकाशावर दिसतं. ती कुणाला माहीत आहे का, असं त्यांनी शेडमध्ये विचारलं. मला एकदम तुम्ही दोघं आठवलात, तू मिसरूड फुटायच्या वयातला, धारेवरून आलो म्हणून फुशारकी मारत, पँटी गुडघ्यापासून खालपर्यंत फाटलेल्या, आणि मी सुईदोरा घेऊन दोघांना शिव्या घालतेय. मिशाकाका म्हणाले, "ती वाट दोघांना ठाऊक होती. त्यातला एक आहे. पण त्याला विचारणार कोण?" कुणीच माझ्याकडे बघितलं नाही, इतकं मुद्दाम बघितलं नाही की मला कळलं. मी म्हटलं, मी विचारते.

आणि म्हणून हे पत्र. ती वाट बर्फ वितळला की जून महिन्यात शोधायची आहे. तू यावंस, खडकबाईंना आणि मिशाकाकांना धारेवरून चौकीपर्यंत न्यावंस, असं मला वाटतं. नोकरी सोडून ये म्हणत नाही, रजा काढून ये. पटलं तर राहा, नाही तर परत जा, खोकी मोजणाऱ्याची जागा कुणी पळवत नाही. नाही आलास तरी मी रुसणार नाही, फक्त ऊन नव्हतं एवढं मनात घे. त्या दिवशी शेडमध्ये मोठ्या तोंडाने मी विचारते म्हणून आले खरी, पण घरी येऊन कागद पुढ्यात घेतला आणि एक अक्षर उमटेना. कारण हे गेल्यापासून मी स्वतः शेवटच्या घराच्या पुढे डोंगरावर एक पाऊल टाकलेलं नव्हतं. वाचनालयातसुद्धा मी बाजाराच्या लांबच्या रस्त्याने जाते, पायथ्यावरून जावं लागू नये म्हणून. हे तुला कुणी सांगितलं नसेल, मीच कुणाला कळू दिलं नव्हतं. जे मला जमत नाही ते मी तुला कुठल्या तोंडाने सांगू? तेव्हा मी कोरा कागद घडी करून ठेवला आणि बाईंच्या दारावर टकटक करून विचारलं, उद्या पुढच्या सोंडेने जिथवर धोका नाही तिथवर मला न्याल का. दुसऱ्या दिवशी मी पहाटे उठले, यांचे जाड मोजे दोन जोड चढवले, खडकबाईंच्या मागोमाग धापा टाकत डोक्याच्या पलीकडे गेले, तिथून खरं शिखर आणि त्याच्या सावलीतली घळ डोळे भरून बघितली, दगडावर बसून डबा खाल्ला आणि संध्याकाळच्या आत घरी येऊन तुला लिहायला बसले.

तुझीच,
वहिनी